जुन्या जीपचा सेल्फ : दुरुस्तीचा पक्ष आणि बदलीचा पक्ष

जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बदलायची वेळ आली की प्रश्न पैशांचा वाटतो. त्याच्या आधी प्रश्न असतो मापाचा. सेल्फच्या पुढच्या टोकाला नऊ-दहा दात्यांचा पिनियन असतो आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलवर शंभराहून जास्त दात्यांची रिंग. चावी फिरवली की सोलेनॉइड पिनियनला पुढे ढकलतो, दाते दात्यांत बसतात, मोटर जोर लावते, इंजिन मिनिटाला दीड-दोनशे फेरे घेऊन पेट घेते आणि पिनियन मागे सरतो. सारा खेळ दोन-तीन सेकंदांचा. पण दात्यांचा आकार, पिनियन आणि रिंग यांच्यातले अंतर, मोटरच्या नाकाचा व्यास, बोल्टची भोके, फिरण्याची दिशा किंवा व्होल्ट, यांतले एक जरी चुकले तरी टेबलावर झोकात फिरणारा सेल्फ गाडीखाली निरुपयोगी ठरतो.

असा प्रश्न नेहमी पडणारे खानदेशातले एक गाव म्हणजे पारोळा. ते जुन्या सहा क्रमांकाच्या, आताच्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. धुळे साधारण ३५ किलोमीटरवर, जळगाव साठेक किलोमीटरवर. तालुक्यात काळी जमीन आहे, आणि पावसाळ्यात शेतरस्त्यावर साधी गाडी रुतते तिथे फोर व्हील जीप निघून जाते. त्यामुळे महिंद्राच्या जुन्या जीपा या भागात अजून राबतात. या जीपांत इंजिनांच्या तीन पिढ्या भेटतात. पहिली विलीजच्या वंशातली सीजे-३बी, हरिकेन पेट्रोल इंजिनाची. दुसरी १९८५ च्या सुमारास आलेली एमएम ५४०, प्यूजोच्या परवान्यावर बनलेल्या २११२ सीसीच्या डिझेल इंजिनाची. तिसरी २५२३ सीसीच्या डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या, इंजिनाची. हेच इंजिन पुढे २००० साली आलेल्या बोलेरोलाही मिळाले. तिघींचे सेल्फ वेगळे, आणि यांपैकी डीआयचा मिळतो सहज, प्यूजोचा मिळतो शोधून.

सेल्फ दुरुस्त करावा की बदलावा, यावर दोन पक्ष ठरलेले असतात. एक ऑटो इलेक्ट्रिशियनचा, ज्याच्या बाकावर उघडलेली आर्मेचरे, म्हणजे मोटरचे फिरते गाभे, पडलेली असतात. दुसरा स्पेअर पार्टच्या दुकानदाराचा, ज्याच्या फळीवर बंद खोकी असतात. पुढचा संवाद या दोन पक्षांचा आहे. कारागीर पारोळ्याचा, दुकानदार धुळ्याचा. समोर आहे प्यूजो इंजिनाची एक ५४०.

दुकानदार : आप्पा, तीस-पस्तीस वर्षं चाललेला सेल्फ आहे हा. त्यानं आपलं काम केलं. आता नवा टाका आणि गिऱ्हाइकाला मोकळं करा.

कारागीर : सेल्फ गेला हे ठरवलं कोणी, शेठ? गिऱ्हाईक म्हणालं म्हणून? चावी फिरवल्यावर आवाज कसा येतो ते आधी विचारा. कटकट-कटकट वाजत राहिलं तर बॅटरी उतरलेली. एकदाच टक होऊन गप्प, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट खाल्लेले, नाहीतर कार्बनचे ब्रश झिजलेले. मोटर गरगर फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे पिनियनचा एकतर्फी क्लच, घसरतोय. आणि करकर आवाज आला तर सेल्फ बाजूला ठेवा, रिंग बघा.

दुकानदार : नाडीवर बोट ठेवून रोग सांगणारे वैद्य गेले, आप्पा. मीटर लावा आणि बोला.

कारागीर : लावतो की. मीटरनं तर तुमची निम्मी विक्री कमी होईल.

कारागिराचा टोला अगदीच पोकळ नाही. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना तिचा दाब घसरतो; तो ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर संशय आधी बॅटरीवर. बॅटरी ठणठणीत असेल तर पाळी तारांची. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० ते ४०० अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहात एखाद्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये ओहमचा फक्त शंभरावा भाग विरोध असला, तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि मोटरपर्यंत ९ सुद्धा पोचत नाहीत. जीपमध्ये ही चोरी बहुतेक वेळा अर्थिंगच्या पट्टीवर होते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. त्याला चासीशी जोडणारी विणलेली पट्टी चिखल, रंग आणि गंज यांच्याखाली दबून जाते. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सेल्फच्या अंगाला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर पट्टी खरवडून घट्ट बसवणे एवढीच दुरुस्ती उरते. चावीकडून सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तारही तपासावी लागते. सोलेनॉइड खेचला जाताना क्षणभर तीस-चाळीस अँपिअर घेतो, आणि जुन्या इग्निशन स्विचला ते पेलत नाही. मध्ये एक रिले टाकला की मेलेला समजलेला सेल्फ पुन्हा उभा राहतो.

दुकानदार : चला, तारा चांगल्या निघाल्या. सेल्फ उतरवला, खोलला. आता तरी नवा घ्याल?

कारागीर : आत काय निघालं त्यावर आहे. दोन्ही टोकांचे बुश झिजले की आर्मेचर खाली बसतं आणि फील्डच्या पोलला घासतं. मग सेल्फ जड फिरतो, करंट भरमसाट खातो, आणि लोक म्हणतात मोटर जळाली. बुशाची किंमत किती? तुमच्या खोक्यावरच्या चिकटपट्टीएवढी.

दुकानदार : बुश ठोकून दिला आणि गाडी पंधरा दिवसांनी परत आली, हेही सांगा.

कारागीर : येते, कोरडा बुश ठोकला तर. सछिद्र ब्राँझचा बुश बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवायचा असतो. घाई करणारा ठेवत नाही. दोष बुशाचा का घाई करणाऱ्याचा?

बुशाखालोखाल झिजतात ते कार्बन. चार कार्बनपैकी फील्ड कॉइलला जोडलेले कार्बन बदलताना तांब्याची वेणी नीट जोडली नाही तर ती तापून सुटते. रेडिओच्या सोल्डरने केलेला जोड पहिल्या लांब क्रँकिंगमध्ये वितळतो. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे दोन बोल्ट एका बाजूने खाल्ले गेले असतील आणि रचना खोलता येण्याजोगी असेल, तर ते अर्धा फेरा वळवून कोरी बाजू पुढे आणता येते. ही युक्ती जुन्या बनावटीतच चालते, हल्लीच्या सीलबंद सोलेनॉइडमध्ये नाही. आर्मेचरच्या टोकावरचा कम्युटेटर लेथवर साफ करून घेता येतो. साफ केल्यावर तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका खोदावा की नाही, हे बनावटीवर असते: डायनामोचा खोदतात, काही ल्युकास सेल्फांचा मुद्दाम खोदत नाहीत. सरसकट ब्लेड फिरवणारा कारागीर चांगले आर्मेचर बिघडवू शकतो.

दुकानदार : आणि कम्युटेटर लेथवर चढून चढून बारीक झाला असेल तर? आर्मेचरच्या पट्ट्यांचं सोल्डर उडून बॉडीभर शिंतोडे पडले असतील तर?

कारागीर : मग आर्मेचर बदलायचं. बॉडी तीच.

दुकानदार : नवं आर्मेचर, नवा बेंडिक्स, नवा सोलेनॉइड, चार कार्बन, दोन बुश. बेरीज करा, आप्पा. बॉडी तेवढी जुनी ठेवून तुम्ही कुणाचा मान राखता? वर तुमच्या कामाला पक्कं बिल नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी चार दिवस बाकाशेजारी उभी राहिली, तर त्या चार दिवसांचं भाडं कोण देणार?

या टप्प्यावर दुकानदाराचे पारडे जड आहे. बुश, कार्बन आणि कॉन्टॅक्ट यांच्यापुरती दुरुस्ती स्वस्त आणि टिकाऊ. आर्मेचर गेल्यावर तिचा मुद्दा फारसा उरत नाही. उरतो तो एकाच स्थितीत: त्या मापाचा नवा सेल्फ मिळतच नसेल तेव्हा. प्यूजो इंजिनाच्या बाबतीत ती स्थिती पुष्कळदा येते, म्हणून जुनी बॉडी भंगारात घालण्याची घाई नडते. नाकाचा व्यास, भोकांचे अंतर आणि पिनियनची जागा यांचा सर्वांत भरवशाचा नमुना म्हणजे ती बॉडीच.

सेल्फ वारंवार का बिघडतो, याचे कारण कधीकधी सेल्फच्या बाहेर असते. प्यूजोचे हे डिझेल इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचे. थंड असताना पेटायला त्याला हीटर प्लग लागतात. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो. प्लग मेलेले असले की मालक पहाटे सेल्फवर सेल्फ मारतो. मोटर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, हा नियम अशा वेळी कुणाला आठवत नाही. सेल्फ बदलून प्लग तसेच ठेवले तर नव्याचीही तीच गत. दुसरे कारण ओल. बोरी नदीच्या पात्रातून किंवा भरलेल्या नाल्यातून जीप काढली की खाली टांगलेल्या सेल्फच्या नाकात गाळ शिरतो, आणि तो वाळला की पिनियन शाफ्टवर अडकतो. तिसरे कारण इंजिनाच्या मागच्या सीलमधून झिरपणारे तेल. ते बेंडिक्सच्या शाफ्टवर क्लचची धूळ चिकटवते आणि पिनियन पुढे-मागे सरकताना अडखळू लागतो.

कारागीर : शेठ, तुम्ही खोकं द्याल. पण रिंगकडे कोण बघणार? चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे ठरलेल्या दोनच जागी थांबतं. म्हणून पिनियन दर वेळी रिंगच्या त्याच दोन जागा मारतो. तिथले दाते पेन्सिलीसारखे टोकदार झालेले असतात. त्यावर नवा पिनियन लावला तर सहा महिन्यांत तोही तसाच.

दुकानदार : त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. फोर व्हीलमध्ये ट्रान्सफर केससकट. सेल्फसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला एवढं काम सांगितलं तर तो जीप ढकलून परत नेईल.

कारागीर : ढकलूनच तर आणली होती.

रिंग फ्लायव्हीलवर गरम करून बसवलेली असते आणि थंड झाल्यावर आवळते. तापवून ती काढता येते, जागा फिरवून पुन्हा बसवता येते किंवा नवी घालता येते. तपासायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. सेल्फ काढल्यावर त्याच्याच भोकातून टॉर्च मारून, इंजिन हाताने थोडेथोडे फिरवत सगळा फेरा पाहता येतो. नवा सेल्फ विकत घेण्याआधी हे पाच मिनिटांचे काम न करणे हीच या व्यवहारातली सर्वांत महागडी चूक आहे.

दुकानदार : रिंगही चांगली आहे, धरून चला. आता मापं सांगा, मी जळगाव, नाशिक, मुंबई, सगळीकडे फोन लावतो.

कारागीर : गाडीचं नाव सांगून फोन लावू नका. आरसी बुकावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, अशा जीपा आपल्याकडे किती आहेत! पेट्रोल काढून डिझेल बसवलेली सीजे, प्यूजो काढून डीआय बसवलेली ५४०. सेल्फ इंजिनाला लागतो, नंबरप्लेटला नाही.

हा मुद्दा दोन्ही पक्षांना मान्य होतो. शोध सुरू करताना जुन्या सेल्फवरची पट्टी पुसून तिच्यावरचा भाग क्रमांक आणि बनावट वाचावी. जुन्या जीपांवर बहुधा ल्युकास टीव्हीएसचे नाव भेटते. पट्टी वाचता येत नसेल तर पिनियनचे दाते मोजावेत, त्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरने घ्यावा, फ्लँजची भोके दोन की तीन ते आणि त्यांच्यातले अंतर लिहावे, बसवण्याच्या पृष्ठभागापासून विश्रांतीतल्या पिनियनपर्यंतचे अंतर मोजावे. पिनियन आणि रिंग यांच्यात विश्रांतीत दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर पिनियन चालत्या रिंगला घासतो, जास्त असेल तर दाते टोकावरच पकडतात. सोलेनॉइड मोटरच्या कोणत्या बाजूला आहे हेही पाहावे, कारण एक्झॉस्ट किंवा चासी आड आली तर सेल्फ जागेवर चढतच नाही. दिशा पिनियनच्या बाजूने पाहून ठरवतात. जुन्या फील्ड कॉइलच्या मोटरला बॅटरी उलटी जोडली तरी ती उलटी फिरत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो. तेव्हा चुकीच्या दिशेचा सेल्फ तारा बदलून सुधारत नसतो.

व्होल्टचा घोळ जुन्या वंशात जास्त. युद्धकाळातल्या विलीज जीपला ६ व्होल्टची व्यवस्था होती; नंतरच्या नागरी जीपा १२ व्होल्टच्या; लष्करी गाड्या अनेकदा २४ च्या. सहाचा सेल्फ बारावर फिरतो, आणि चांगला जोरात फिरतो. पण तितक्याच जोराने रिंगवर आदळतो. लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेला २४ चा सेल्फ १२ वर सुस्त फिरतो आणि दोष बॅटरीवर जातो.

दुकानदार : मग मी सांगतो तो मार्ग ऐका. हल्ली गिअर रिडक्शनचे सेल्फ येतात. आत लहान मोटर वेगानं फिरते आणि ग्रहगतीचे गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात. वजन जवळजवळ निम्मं, करंट कमी, बॅटरी जुनी झाली तरी इंजिन चटकन फिरतं. डीआय इंजिनाला तर माप आयतं मिळतं.

कारागीर : आणि प्यूजोला?

दुकानदार : प्यूजोला नाक बदलून बसवणारे आहेत.

कारागीर : नाक बदलणारा लेथवाला चांगला असला तर. शिवाय त्यातल्या बऱ्याच मोटरांत फील्ड कॉइलच नसते, चिकटवलेली चुंबकं असतात. आपल्याकडचा ड्रायव्हर सेल्फ अडला की पाना घेऊन दोन ठोके मारतो. जुन्या सेल्फमध्ये अडकलेला कार्बन त्यानं सुटतो आणि गाडी घरी पोचते. चुंबकाच्या मोटरला तोच ठोका बसला की चुंबक तडकतं.

दुकानदार : पाना मारायची वेळ येऊ नये म्हणूनच नवा घ्यायचा, आप्पा.

गिअर रिडक्शनचा सेल्फ तांत्रिकदृष्ट्या वरचढ आहे, यात वाद करण्यासारखे थोडे. २०:१ हून अधिक कॉम्प्रेशनचे जुने डिझेल फिरवताना कमी करंटमध्ये मिळणारा जास्त जोर प्रत्यक्ष उपयोगाचा असतो. पण तो इंजिनासाठीच बनलेला असेल तर. दुसऱ्या इंजिनाचा सेल्फ अडॅप्टर लावून बसवताना पिनियन रिंगच्या मध्याशी काटकोनात राहिला नाही, तर वरचढपणा दात्यांतच झिजून जातो. डीआय इंजिन असेल तर दुकानदाराचे ऐकावे. प्यूजो असेल आणि आर्मेचर शाबूत असेल तर कारागिराचे.

तिसरा मार्ग जुन्या बाजाराचा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी ही मोडलेल्या गाड्यांच्या भागांची ठिकाणे. मोडलेल्या ५४० मधून निघालेला मूळ सेल्फ कधीकधी तिथेच मिळतो. या बाजारावर आता कायद्याचा परिणाम होतो आहे. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले, आणि त्या नोंदणीकृत मोडणी केंद्रांकडे पाठवायच्या ठरल्या. सरकारी जीपा लिलावातून गावोगावच्या गॅरेजपर्यंत येण्याची जुनी वाट त्याने आकसली. खासगी जीपला १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण घ्यावे लागते आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्कही वाढले आहे. नूतनीकरणाला वर्ष-सहा महिनेच उरले असतील आणि गाडी पुढे ठेवायची की नाही हे ठरले नसेल, तर महागड्या नव्या सेल्फऐवजी कामचलाऊ दुरुस्ती हा शहाणपणाचा हिशेब असू शकतो.

कारागीर : जुन्या बाजारातून आणलात तर बाकावर फिरवून दाखवला म्हणून घेऊ नका. मोकळा तर मेलेला सेल्फही फिरतो. शाफ्ट धरून हलवा, बुशात किती खेळ आहे बघा. पिनियन एका बाजूला सहज फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट अडला पाहिजे. दोन्हीकडे फिरला तर बेंडिक्स गेलेला.

दुकानदार : आणि एक्सचेंजमध्ये घेतलात तर जुनी बॉडी देण्याआधी नवा बसवून बघा. माझ्या दुकानातही हाच नियम आहे. गिऱ्हाईक तो वाचत नाही, एवढंच.

बसवण्याचा क्रम ठरलेला आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सुटते आणि शेवटी लागते. बसण्याचा पृष्ठभाग रंग आणि गंज काढून धातूपर्यंत साफ करतात, कारण सेल्फचे अर्थिंग त्याच्या अंगातूनच होते. ३० क्रमांकाच्या टर्मिनलवर बॅटरीची जाड तार, ५० वर चावीकडची बारीक. जाड तारेचा नट आवळताना आतला बोल्ट फिरू नये म्हणून दुसरा पाना लागतो, नाहीतर सीलबंद सोलेनॉइड तिथेच फुटतो. मूळ सेल्फखाली पातळ शिम असतील तर त्या जपून पुन्हा लावायच्या. सगळे जोडल्यावर इंजिन पेटू न देता, स्टॉपची केबल ओढून धरून, दोन-तीनदा सेल्फ मारतात आणि कान देतात: पिनियन शिरताना करकर नको, सुटताना किंचाळी नको. मग मीटरवर क्रँकिंगचा दाब मोजतात.

दुकानदार : बिलावर एक ओळ छापलेली असते, आप्पा. इलेक्ट्रिकल मालाची वॉरंटी नाही. नव्या सेल्फचं कंपनीचं कार्ड असेल तर वेगळी गोष्ट. ते दुकानाच्या शिक्क्यासकट आणि तारखेसकट भरून घ्या.

कारागीर : माझ्याकडे कार्ड नाही. बिघडला तर मी पारोळ्यातच आहे.

दुकानदार : आणि तुम्ही लग्नाला गेलात तर?

कारागीर : तर उतारावर लावा. पारोळ्यात उतार सापडला तर.